दवंडी ते मोबाईल: धोक्याचा इशारा गावात कसा पोहोचला?

2023 मध्ये एके दिवशी तुमचा फोन अचानक कर्कश ओरडला होता, आठवतंय? सायलेंटवर असूनही! दिघाशीत आमच्याकडेही तेच झालं. आजी घाबरली, म्हणाली, "काय झालं रे, पूर आला काय?" पूर नव्हता, सरकारची चाचणी होती. पण आजीचा प्रश्न बरोबर होता. आजचा भाग त्या आवाजाच्या इतिहासावर.

पूर्वी गावात काही सांगायचं तर कोतवाल दवंडी पिटायचा. आवाज घरोघरी जायचा, पण आभाळात काय शिजतंय हे कोतवालाला तरी कुठे ठाऊक?

ते कळायला नोंदी लागतात. मुंबईत कुलाब्याची वेधशाळा 1826 ची. सुरुवातीला तिचं काम आकाशातले तारे आणि घड्याळाची वेळ, हवामानाच्या नियमित नोंदी नंतर आल्या. मग 1864 च्या ऑक्टोबरात कलकत्त्याला भयंकर चक्रीवादळ धडकलं, हजारो माणसं गेली. पाठोपाठ 1866 आणि 1871 मध्ये पावसाने दगा दिला. तेव्हा सरकारला कळलं की प्रत्येकाने आपापली वही लिहून भागणार नाही. 1875 मध्ये भारतीय हवामान विभाग सुरू झाला. तोवर तारयंत्र आलंच होतं. एका गावचं वादळ दुसऱ्या गावाला आधी सांगता येणं शक्य झालं, कारण तार वाऱ्यापेक्षा वेगाने धावते.

आता थेट 26 जुलै 2005 ला येऊ. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस. आणि वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्याला? साधारण 74! एवढा फरक टिपायला त्या वेळी मुंबईत डॉप्लर रडारच नव्हतं. कल्याण, बदलापूर, भिवंडी, सगळीकडे पाणी भरलं. राज्यात हजाराहून जास्त जीव गेले. पुढे कुलाब्याला डॉप्लर रडार आलं, 2022 मध्ये वेरावलीला दुसरं.

मग प्रश्न सुटला? नाही ना!

इशारा देता येतो आणि त्याने जीव वाचतात, हे ओडिशाने दाखवलंय. 1999 च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे 10 हजार लोक गेले. 2013 च्या फायलिन वादळात लाखो लोकांना आधीच हलवलं आणि मृत्यू काही डझनांवर राहिले. वादळ तेही मोठंच होतं. फरक होता निवारा केंद्रांचा, आणि 'चला, निघा' असं दारात येऊन सांगणाऱ्या माणसांचा.

म्हणूनच 23 मार्च 2022 ला संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस अंतोनियो गुटेरेस यांनी जाहीर केलं: 2027 संपेपर्यंत जगातल्या प्रत्येक माणसापर्यंत इशारा पोहोचला पाहिजे. त्यात चार कामं आहेत. धोका ओळखणं, हवामानावर नजर ठेवून अंदाज बांधणं, इशारा पोहोचवणं आणि लोकांची तयारी.

आता दिघाशीत या. रेड अलर्ट येतो तो बहुतेक वेळा 'ठाणे जिल्ह्या'साठी. नवी मुंबईचा टॉवर आणि आमच्या शेताचा बांध, दोघांना एकच रंग! आमचा ओढा कधी भरतो, कुठल्या फरशीवरून पाणी जातं, हे रडार सांगत नाही, गावातली म्हातारी माणसं सांगतात. फोनवरच्या त्या कर्कश इशाऱ्याला इंटरनेट लागत नाही, टॉवरच्या टप्प्यातले फोन वाजतात. पण भातकापणीला गेलेल्या माणसाचा फोन घरी चार्जिंगला असेल तर?

विजेचंच बघा. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' अ‍ॅप जवळपासच्या विजेचा इशारा देतं, मराठीतही. ते तुमच्या फोनमध्ये असेल, तुमच्या काकांच्या नसेल.

म्हणून एक काम करा. आपल्या आळीत कोणाकडे फोन नाही, कोणाला वाचता येत नाही, कोण एकटं राहतं, त्यांची आजच एक यादी करा. पुढचा इशारा आला की त्यांच्या दारात कोण जाणार, तेही ठरवा. दवंडी देणारा कोतवाल गेला, त्याचं काम अजून बाकी आहे.

भेटू पुढच्या भागात. सांभाळून राहा!