सगळ्यांना एकच दर

उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवताना 'खाली बसा' म्हटलं की वर्गातलं एखादं पोर हमखास गोंधळतं. कोकणी घरातलं असेल तर नाही, पण उत्तरेकडून पनवेलला आलेल्या घरातलं असेल तर नक्की. त्याच्या लेखी 'खाली' म्हणजे रिकामं. 'दप्तर' म्हणजे त्याच्या अब्बांचं ऑफिस. 'राग' म्हणजे गाण्यातला. असे फसवे शब्द मी बीएडला असल्यापासून एका वहीत लिहीत आलोय. पुढे आम्ही चार शिक्षकांनी ती वही नेटवर चढवली. साधीसुधी वेबसाइट, एका बाजूला मराठी शब्द, दुसऱ्या बाजूला उर्दू अर्थ, खाली एकेक वाक्य. रायगड आणि रत्नागिरीतल्या उर्दू शाळांतले पंचवीस-तीस शिक्षक ती वापरायचे, नवे शब्द कळवायचे, आमच्या चुका काढायचे. 2014 पर्यंत साडेतीनशेच्या वर शब्द झाले होते.

त्याच वर्षी आठवीतला एक मुलगा म्हणाला, "सर, आमच्याकडे तुमचं ते उघडत नाही." त्याच्या भावाचा फोन पाहिला. व्हॉट्सअॅप मस्त चालू होतं, मग वेबसाइट का उघडू नये? शाळा सुटल्यावर रिचार्जच्या दुकानात गेलो. दुकानदार हसला. "सर, याने व्हॉट्सअॅपचा पॅक मारलाय. नेटचा नाही." या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि त्यांचे दर वेगळे आहेत, हे मला त्या काउंटरवर कळलं. वर्गात विचारलं तर निम्म्याहून जास्त घरांत तोच स्वस्तातला पॅक होता.

आम्ही सोपा मार्ग काढला. वहीच्या पानांचे फोटो काढून ग्रुपवर टाकायला लागलो. मुलांना मिळाले, सगळे खूश. वेबसाइटकडे कोणी फिरकेना, मग आम्हीही फिरकलो नाही. त्या निर्णयाची किंमत पुढे कळली, ती शेवटी सांगतो.

माल एकाच रस्त्याने जातो, तर कोणाकडून किती भाडं घ्यायचं, हा प्रश्न आपल्या गावाला नवा नाही. आगगाडी येण्याआधी मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस होडीने पनवेल बंदरात उतरायचा आणि इथून बोरघाट चढायचा. घाटातला गाडीरस्ता 1830 मध्ये खुला झाला. माणसांबरोबर पत्रंही जात. त्या काळी टपालाचा खर्च वजनावर आणि अंतरावर ठरे. कलकत्त्याहून मुंबईला तोळाभर वजनाचं पत्र पाठवायला रुपयाच्या आसपास लागत असे. एवढे पैसे देऊन पत्र कोण पाठवणार? पेढीवाले, वकील आणि साहेब.

मग 1 ऑक्टोबर 1854 पासून नवा कायदा लागू झाला. पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा, देशात कुठूनही कुठेही. अंतराचा हिशोब संपला. कंपनी सरकारने हे रयतेच्या प्रेमापोटी केलं, असं मला वाटत नाही. त्यांना राज्य चालवायचं होतं, व्यापार वाढवायचा होता. पण परिणाम बघा. बोटीवर खलाशी म्हणून गेलेला कोकणी माणूस गावी खुशाली कळवू लागला, आणि त्याचं पत्र शेठजीच्या पत्राच्याच थैलीतून, त्याच दरात आलं. पुढे वर्तमानपत्रांना आणि मासिकांना टपालात सवलत मिळाली, तीही सगळ्यांना सारख्या नियमाने. मुंबईहून निघणारं 'नक्श-ए-कोकण' हे उर्दू मासिक लहानपणी आमच्या घरी पोस्टाने यायचं. अब्बांच्या आधी आजोबा ते उघडायचे, आणि आधी बघायचे ते मौतीच्या बातम्या. मोठा खप असलेल्या इंग्रजी मासिकाचा गठ्ठा आधी पोचवा आणि कोकणी मुसलमानांचं हे मासिक आठवडाभर पडू द्या, असं पोस्टमनला कोणी सांगितलेलं नव्हतं. अशी छोटी मासिकं जगली, ती यावर.

हेच सरकार भेदभाव करायचा तेव्हा उघड करायचं. 1878 चा देशी वृत्तपत्रांचा कायदा फक्त देशी भाषांतल्या पत्रांना लागू होता, इंग्रजी पत्रांना नाही. मराठी किंवा उर्दूत छापलं तर जामीन मागणार, तेच इंग्रजीत छापलं तर काही नाही. 'अमृत बझार पत्रिका' बंगाली सोडून इंग्रजीत निघू लागली ती यामुळेच. लॉर्ड रिपनच्या काळात हा कायदा रद्द झाला. या कायद्याचा एक विचित्र फायदा होता. आपल्याविरुद्ध काय केलंय ते कागदावर वाचता यायचं.

टेलिफोनची गोष्ट याहून गमतीची आहे. अमेरिकेत कॅन्सस सिटीमध्ये अल्मन स्ट्रॉजर नावाचा अंत्यविधीचं काम करणारा माणूस होता. असं सांगतात की त्याच्या स्पर्धकाची बायको टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती आणि याच्याकडे येणारी गिऱ्हाइकं ती नवऱ्याकडे जोडून द्यायची. चिडून त्याने माणसाशिवाय चालणारं एक्स्चेंज शोधून काढलं. 1891 मध्ये त्याला त्याचं पेटंट मिळालं. नवऱ्या-बायकोचा भाग खरा असो वा नसो, मुद्दा स्पष्ट आहे. तार ज्याच्या हातात आहे त्याने कोणाचं बोलणं आहे हे बघू नये. इंटरनेटबद्दल हीच अपेक्षा टिम वू या कायद्याच्या प्राध्यापकाने 2003 मध्ये मांडली आणि तिला 'नेट न्यूट्रॅलिटी' हे नाव दिलं.

आपल्याकडे हा शब्द घराघरांत आला 2015 मध्ये. त्याआधी डिसेंबर 2014 मध्ये एअरटेलने इंटरनेटवरून केलेल्या कॉलला वेगळा दर जाहीर केला आणि ओरड झाल्यावर काही दिवसांत मागे घेतला. 27 मार्च 2015 रोजी ट्रायने लोकांची मतं मागवणारा मसुदा काढला. 118 पानं, 20 प्रश्न, सगळं इंग्रजीत. मुंबईच्या एआयबी या विनोदी मंडळींनी त्याचा अर्थ सांगणारा व्हिडिओ केला नसता तर माझ्यासारख्याला पत्ताही लागला नसता. दहा लाखांहून जास्त ईमेल ट्रायकडे गेले. कंपन्यांनी पैसे भरायचे आणि त्यांची अॅप गिऱ्हाइकाला फुकट, अशी 'एअरटेल झीरो' योजना त्याच एप्रिलमध्ये आली. तिच्यातून फ्लिपकार्टने आठवडाभरात अंग काढून घेतलं.

पण माझी गोष्ट दुसऱ्या योजनेशी जोडलेली आहे. फेब्रुवारी 2015 मध्ये फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर 'इंटरनेट डॉट ऑर्ग' भारतात आणलं. पुढे त्याचंच नाव 'फ्री बेसिक्स' झालं. ठरावीक वेबसाइट फुकट, बाकी नेटला पैसे. पहिल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता आणि भाषांमध्ये मराठी होती. उर्दू नव्हती, पण मराठी होती, आणि मराठीच्या मास्तरला तेवढं पुरे असतं. डिसेंबरमध्ये ट्रायने दुसरा मसुदा काढला, यावेळी फक्त दरांतल्या भेदाबद्दल. फेसबुकवर 'फ्री बेसिक्सला पाठिंबा द्या' असं बटण आलं. आमच्या मोहल्ल्यातल्या पोरांना फुकट नेट मिळणार, यात वाईट काय? मी बटण दाबलं. मसुदा वाचला नव्हता, योजनेच्या अटीही वाचल्या नव्हत्या. वर्गात मुलांना 'प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा' असं रोज सांगणारा मी.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये फुशारकीने सांगितलं, तर गणित शिकवणाऱ्या आपांनी एवढंच विचारलं, "सर, त्या फुकटात आपली शब्दांची वही आहे का?"

त्या रात्री अटी वाचल्या. कोणालाही अर्ज करता येत होता, हे कबूल. पण वेबसाइट मोठ्या चित्रांशिवाय, व्हिडिओशिवाय, जावास्क्रिप्टशिवाय आणि 'वॉफ' प्रकारच्या फॉन्टशिवाय नीट दिसायला हवी होती. बाकीच्यांचं मला माहीत नाही, पण शेवटच्या अटीवर मी अडकलो. उर्दू वाचणाऱ्यांना सांगायला नको. आपली मुलं नस्तालीकमध्ये वाचायला शिकतात, उजवीकडून उतरत येणारी, अक्षरावर अक्षर चढवणारी लिपी. स्वस्त फोनमध्ये तेव्हा उर्दू दिसलीच तर नस्खमध्ये दिसायची, सपाट, अरबी पुस्तकासारखी. पाचवीतलं पोर तिथे अडखळतं. म्हणून आम्ही फॉन्ट वेबसाइटबरोबर पाठवायचो, आणि तो चालला नाही तर शब्दाचं चित्र. फॉन्ट नको, मोठं चित्र नको, म्हणजे आमची वही बाहेर.

आता यात कोणाचा कट होता का? अजिबात नाही. कमजोर नेटवर्कवर पान हलकं असावं, ही अट शहाणपणाचीच आहे. ती लिहिणाऱ्याच्या मनात नस्तालीक आलीही नसेल, आणि मला त्रास झाला तो याचाच. 1878 च्या कायद्याला आपली भाषा माहीत होती म्हणून त्याने ती अडवली. इथे यादी करणाऱ्याला आपण आहोत हेच माहीत नव्हतं. पंचवीस-तीस शिक्षकांची वही कोणत्या यादीत बसणार? मोठे लोक यादीत जागा मिळवतात, विकत घेतात, नाहीतर अटींप्रमाणे वेबसाइट बदलून घेतात. आपल्यासारख्यांचं भागतं ते यादीच नसली तर.

मोहल्ल्यातल्या एका मित्राने मला तेव्हा सुनावलं होतं. म्हणाला, "तुमच्या वहीसाठी गरीब पोरांना विकिपीडियापण फुकट मिळू द्यायचा नाही का?" या प्रश्नाने मी अजून थोडा अस्वस्थ होतो. एअरसेलने 2013 मध्ये विकिपीडिया फुकट दिला होता आणि त्याचा फायदा झालेलं एखादं पोर नक्की असेल. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला 'तत्त्वासाठी थांब' म्हणणं भरल्या पोटाच्या माणसाला सोपं जातं.

8 फेब्रुवारी 2016 चा ट्रायचा नियम वाचल्यावर मात्र गुंता थोडा सुटला. काय उघडलं यावरून दर वेगळा लावायचा नाही, लावला तर दिवसाला 50,000 रुपये दंड, जास्तीत जास्त 50 लाख. पण फुकट नेट द्यायला बंदी नाही. थोडा डेटा फुकट द्या, तो कुठे खर्च करायचा ते त्या पोराला ठरवू द्या. तीन दिवसांनी फ्री बेसिक्स भारतातून बंद झालं. 2018 मध्ये दूरसंचार खात्याने कंपन्यांच्या परवान्यांतच अट घातली, की कोणाची वेबसाइट अडवायची नाही, मुद्दाम हळू करायची नाही, पैसे घेऊन पुढे ढकलायची नाही. आणि आमच्या मोहल्ल्यात खरं नेट पोचलं ते सप्टेंबर 2016 नंतर. जिओ आलं, सगळ्यांचे दर कोसळले आणि 'व्हॉट्सअॅपचा पॅक' हा शब्दच रिचार्जच्या दुकानातून गेला.

तरी प्रकरण मिटलेलं नाही. अमेरिकेत 2015 चा नियम डिसेंबर 2017 मध्ये रद्द करायचं ठरलं, 2024 मध्ये तो परत आणला आणि जानेवारी 2025 मध्ये कोर्टाने उडवला. आपल्याकडे मोबाइल कंपन्या आता म्हणतात की सगळ्यात जास्त डेटा ओढणाऱ्या मोठ्या वेबसाइटांनी आमच्या जाळ्याच्या खर्चात वाटा द्यावा, लहानांना आम्ही हात लावणार नाही. कंपन्यांचा खर्च खोटा नाही. पण एकदा पाकिटावरचं पाठवणाऱ्याचं नाव वाचून दर लावायला सुरुवात झाली, की मोठा कोण आणि लहान कोण हे काउंटरमागचा माणूस ठरवणार, मी नाही.

राहिली ती किंमत. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये शाळा फोनवर आली तेव्हा वेबसाइट परत उभी करायला घेतली. जुनी बंद पडून गेली होती, पैसे भरायचे राहून गेले, दोष आमचाच. ग्रुपवरचे फोटो शोधले तर कितीतरी मुलांचे फोन बदललेले, उरलेले फोटो धूसर, एकाच पानाच्या तीन-तीन वेगळ्या प्रती. साडेतीनशेपैकी 290 शब्द परत मिळाले. साठेक गेले. ते कुठले होते तेही आता आठवत नाही.

मागच्या महिन्यात म्हसळ्याच्या एका उर्दू शाळेतल्या बाईंनी कळवलं, की 'शिक्षा'पुढे आम्ही फक्त 'सज़ा' लिहिलंय, पण हिंदी शिकणारी मुलं तिथे 'तालीम' समजतात, तेही नोंदवा. त्याच संध्याकाळी नोंदवलं. आता 341 झालेत.