एक नग मागे

परवा पुतण्या जेवायला आला होता. चाकणला नोकरीला लागून त्याला आता दीड वर्ष झालं. गाडीच्या ईसीयूत, म्हणजे इंजिनावर नजर ठेवणाऱ्या त्या छोट्याशा कॉम्प्युटरात, जो सी भाषेतला कोड चालतो, तो लिहिण्याचं काम. स्वारी जाम वैतागलेली. कारण काय, तर याची एक ओळ तपासणीच्या टूलने लाल केली. पॉइंटरचा प्रकार बदलला म्हणे. "काका, चार महिने बेंचवर चालतंय की ते! एकदाही चुकलं नाही. उगाच नियमावर बोट ठेवून बसलेत."

"चालतंय की" हे ऐकलं आणि माझा घास हातातच राहिला. हेच मी एकदा म्हटलं होतं. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहून ठेवतो. विषय थोडा तांत्रिक आहे, पण मावशी, आत्या वगैरे मंडळींनी घाबरू नये, कोड एकही ओळ नाही.

साल २००६. मी भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत होतो. आम्ही टेस्टिंगची पॅनेलं बनवायचो. दोन ब्लॉक सोडून एका कारखान्यात ॲल्युमिनियमच्या कास्टिंगची लीक टेस्ट व्हायची. नग फिक्स्चरवर बसवायचा, आत हवा भरायची, व्हॉल्व्ह बंद करायचा आणि ठराविक सेकंदांत दाब किती उतरला ते बघायचं. जास्त उतरला तर नग गळका, तो लाल ट्रेमध्ये. नाहीतर हिरव्या. दाब मोजणारं यंत्र प्रत्येक नगामागे एक आकडा केबलवरून आमच्या पॅनेलला पाठवायचं आणि पॅनेल दिवा लावायचं.

जुनं पॅनेल ८०५१ या चिपवर होतं आणि पाच वर्षं बिनबोभाट चाललं होतं. मग मोठा डिस्प्ले हवा, जास्त मेमरी हवी, म्हणून आम्ही एआरएम-७ वर गेलो. कंपायलर घेतला जीसीसी, कारण तो फुकट होता. जुना कोड उचलला, एक-दोन ठिकाणी बाइटचा क्रम बदलला, बाकी जसाच्या तसा. नवा कंपायलर वॉर्निंगांचा पाऊस पाडायला लागला. मी वॉर्निंगा बंद केल्या. पाच वर्षं चालतंय की!

नवं पॅनेल लावलं आणि आठवड्याभरात तक्रार आली. हिरव्या ट्रेमधले नग नंतर पाण्यात बुडवून बघितले तर काहींतून बुडबुडे येत होते. आणि लाल ट्रेमधले काही नग चक्क चांगले निघाले. मला बोलावणं आलं. मी ऑफिसात प्रोग्राम चालवून बघितला, एकदम बरोबर. सुपरवायझरला छातीठोकपणे सांगितलं, "पॅनेल ओके आहे. ऑपरेटर ट्रे चुकवतोय."

ऑपरेटर म्हणजे मामा. सगळे त्यांना मामाच म्हणत. वय पंचेचाळीसच्या आसपास, मराठवाड्यातून आलेले, कंत्राटावर. ते बाजूलाच उभे होते. हळू आवाजात म्हणाले, "साहेब, आकडा एक नग मागं चालतोय बघा." मी हसलो. खरंच हसलो. सव्वीस वर्षांचा इंजिनियर, त्याला लीक टेस्टचा ऑपरेटर प्रोग्राममधली चूक सांगणार! दुसऱ्या दिवशी मशीनवर मामा नव्हते, दुसराच कोणी होता. आणि गळके नग हिरव्या ट्रेमध्ये येतच राहिले.

मग गुरुवार आला. (बाहेरगावच्या नातेवाईकांसाठी: आमच्या भोसरीत एमआयडीसीची सुट्टी गुरुवारी असते.) लाईन बंद होती. मी एक चांगला आणि एक गळका नग मागून घेतला आणि आळीपाळीने बसवत गेलो. चांगला, गळका, चांगला, गळका. पॅनेल दर वेळी आधीच्या नगाचा निकाल सांगत होतं. मामा अक्षरशः बरोबर होते.

प्रोग्राम नक्की कुठे चुकतो ते बघायला मी मध्येच आकडा छापणारी एक ओळ टाकली. चूक गायब! ओळ काढली, चूक परत. ऑफिसात मी डिबगचा प्रोग्राम चालवत होतो, त्यात कंपायलर काही सुधारणा करत नाही. कारखान्यात जो जातो त्यात वेग वाढवण्यासाठी ऑप्टिमायझेशन चालू असतं. म्हणजे ऑफिसात मी जो तपासला, तो मामांच्या मशीनवरचा प्रोग्रामच नव्हता. शेवटी कंपायलरने बनवलेल्या असेंब्लीचा कागद काढला आणि पेन्सिल घेऊन बसलो. रात्री अकराला दिसलं. आकडा वाचण्याची सूचना आधी, आकडा लिहिण्याच्या दोन सूचना नंतर.

आता असं का, ते सांगतो. यंत्राकडून दशांशाचा आकडा सोळा-सोळा बिटच्या दोन तुकड्यांत यायचा. मी एक फ्लोट, म्हणजे दशांशाचा आकडा ठेवायची जागा घ्यायचो, तिच्याकडे शॉर्टच्या, म्हणजे छोट्या पूर्णांकाच्या पॉइंटरने बोट दाखवायचो, दोन तुकडे तिथे टाकायचो आणि मग ती जागा फ्लोट म्हणून वाचायचो. जागा एक, नावं दोन.

आमच्या आजोबांचं मस्टरवरचं नाव दत्तात्रय, आणि गल्लीत सगळे बापू म्हणत. समजा कारखान्याच्या कारकुनाला सांगून ठेवलंय की उचलीच्या वहीतली माणसं वेगळी आणि पगाराच्या वहीतली वेगळी, दोन्हींत एकच माणूस कधीही नसतो. मग बापूंची उचल लिहायची बाकी असतानाच तो दत्तात्रयांचा पगार काढून मोकळा होईल. त्याचं काम पटकन उरकतं, आणि त्याला जे सांगितलंय त्याप्रमाणे तो चूकही नाही. कंपायलरने हेच केलं. फ्लोट आणि शॉर्ट एका जागी असूच शकत नाहीत असं धरून त्याने वाचणं आधी उरकलं. त्या जागेवर मागच्या नगाचा आकडा पडलेला होता, तोच मिळाला. मधल्या छापायच्या ओळीमुळे त्याला थांबून आधी लिहिणं पुरं करावं लागत होतं, म्हणून चूक लपत होती. एका जागेला दोन नावं असणं याला एलियासिंग म्हणतात.

मी अर्थातच आधी कंपायलरला शिव्या घातल्या. मग याचा इतिहास वाचला आणि गप्प बसलो.

सी भाषा डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये बनवली. ऑपरेटिंग सिस्टिम लिहायची म्हणून ती मुद्दाम मशीनच्या जवळची ठेवली. मेमरी तुमची, हवं तिथे बोट ठेवा, हव्या त्या नावाने वाचा. पण गणिताच्या कामात जुनी फोरट्रान सीपेक्षा वेगवान ठरायची, कारण फोरट्रानच्या नियमात फंक्शनला दिलेले दोन ॲरे एकमेकांवर चढलेले नसतात असं धरायची मुभा होती. सीच्या कंपायलरला मात्र सगळीकडे संशय घ्यावा लागायचा.

१९८३ साली सीचं प्रमाणीकरण करायला अमेरिकेत समिती बसली. तिच्या एका मसुद्यात 'नोएलियास' नावाचा नवा शब्द आला. त्यावर खुद्द रिची यांनी १९८८ मध्ये इतकं खरमरीत पत्र लिहिलं की तो शब्द काढून टाकावा लागला. पण १९८९ च्या प्रमाणात दुसरा एक नियम राहिला. एखाद्या जागेवर ज्या प्रकारचा आकडा ठेवलाय, ती त्याच प्रकारच्या, किंवा त्याच्या सख्ख्या भावंडांपैकी प्रकाराच्या नावाने वाचायची. फक्त कॅरेक्टरचा पॉइंटर सगळ्यांच्या घरात जायला मोकळा.

नियम छापला गेला आणि दहा वर्षं कुणी फारसा पाळला नाही, कारण न पाळल्याने काही बिघडत नव्हतं. मग जुलै १९९९ मध्ये जीसीसीची २.९५ आवृत्ती आली आणि तिने त्या नियमावर विसंबून ऑप्टिमायझेशन सुरू केलं. जुने कोड मोडायला लागले. तीनच महिन्यांत, ऑक्टोबरात, २.९५.२ काढून त्यांनी ते आपणहून चालू होणं बंद केलं. आमचं बरोबरच आहे, पण जुन्या कोडला त्रास होतोय आणि इशारा द्यायची सोय अजून तयार नाही, असं त्यांचं म्हणणं. २००१ मध्ये ३.० आली तेव्हा मात्र ते परत चालू झालं, आणि आजही चालू आहे. लिनक्सच्या कर्नेलवाल्यांनी तर सरळ ठरवलं की आम्हाला हे नको. कर्नेल आजही ते ऑप्टिमायझेशन बंद ठेवूनच बांधला जातो.

म्हणजे मी पाच वर्षं जो कोड "चालतोय" म्हणत होतो, तो लिहिला त्या दिवसापासून चूक होता. आधीच्या कंपायलरने तो चालवून घेतला इतकंच. आणि ज्या इशाऱ्याची सोय १९९९ मध्ये तयार नव्हती, ती २००६ पर्यंत झालेली होती. मी बंद केलेल्या वॉर्निंगा परत चालू केल्या, तर तीच ओळ, तेच कारण, स्वच्छ शब्दांत छापून आलं. मी वाचायचंच नाही असं ठरवलं होतं! दुरुस्ती एका ओळीची. पॉइंटर फिरवायचा नाही, मेमकॉपी वापरून बाइट उचलून फ्लोटमध्ये ठेवायचे.

आणि हे सगळं काही सातासमुद्रापलीकडचं ज्ञान नव्हतं. कोणता पॉइंटर कुठे बोट दाखवतो हे कंपायलरने कसं ओळखायचं, यावर आयुष्यभर काम केलेले प्रा. उदय खेडकर १९९४ ते २००१ आपल्या पुणे विद्यापीठातच शिकवत होते, भोसरीपासून तासाभराच्या अंतरावर. नंतर ते पवईच्या आयआयटीत गेले, तिथे जीसीसीसाठी खास केंद्र उभं राहिलं, आणि २००९ मध्ये अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांच्याबरोबरचं त्यांचं डेटा फ्लो ॲनालिसिसवरचं पुस्तक आलं. गाड्यांसाठी सी कसं लिहावं याचे मिस्राचे नियम तर ब्रिटनमध्ये एप्रिल १९९८ मध्येच निघाले होते, म्हणजे पिंपरीतून इंडिका बाजारात आली त्याच वर्षी. पॉइंटरचे प्रकार असे बदलू नका, हे त्यात होतंच. पुतण्याची ओळ लाल करणारा नियम त्याच घराण्यातला.

आपल्या पट्ट्याचं थोडं असंच आहे. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, मग टेल्को, बजाज. इथली दोन-तीन पिढ्यांची अक्कल लोखंडात आहे. कानाने बेअरिंग ओळखणारी माणसं मी बघितली आहेत. सॉफ्टवेअर फार उशिरा आलं आणि हळूच आलं. आज चित्र पार पालटलंय. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि साध्या मोटारसायकलीचाही कार्बुरेटर जाऊन तिथे ईसीयू आला. चाकणहून रोज जेवढ्या गाड्या बाहेर पडतात, त्या प्रत्येकीत कुणीतरी लिहिलेलं सी आहे. लीक टेस्टचा आकडा एक नग मागे चालला तर नग गळतो. गाडीत एखादा आकडा मागे चालला तर काय होईल, हे पुतण्याला सांगावं लागलं नाही. त्याने मुकाट्याने भात कालवला.

मग त्याने विचारलं, "आणि त्या मामांचं काय झालं?"

शुक्रवारी सकाळी मी सुपरवायझरकडे जाऊन सांगितलं की चूक माझी होती, ऑपरेटरची नाही. ते म्हणाले, "बरं झालं सापडलं." मामांना दुसऱ्या लाईनवर टाकलं होतं आणि दोन दिवसांचा पगार कापला होता. तो परत द्यायला सांगतो म्हणाले. जाताना मला मामा गेटजवळच्या टपरीवर दिसले. मी जाऊन म्हटलं, "मामा, तुमचं बरोबर होतं. आकडा एक नग मागेच होता." ते म्हणाले, "मी म्हणलंच होतं की साहेब," आणि माझ्यासाठी एक कटिंग सांगितला. त्या चहाचे पैसे मी दिले.

कापलेले पैसे त्यांना परत मिळाले का, हे मी विचारलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. पुढच्या वर्षी मी नोकरी बदलली. पुतण्याला हे सांगितलं तेव्हा तो काही बोलला नाही. आज सकाळी त्याचा मेसेज आला, की ती ओळ बदलली.