ट्रॅक्टरमधील ट्रान्समिशन ऑइलची गळती : निदान आणि घरच्या घरी दुरुस्ती

आपल्याकडील बहुतेक ट्रॅक्टरमध्ये गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि हायड्रॉलिक लिफ्ट या तिन्ही भागांना एकाच टाकीतील ऑइल पुरते. ट्रॅक्टरच्या आकारानुसार या टाकीत साधारण ३० ते ६० लिटर ऑइल असते. ऑइल-ब्रेक (तेलात बुडालेले ब्रेक) असलेल्या ट्रॅक्टरमध्ये ब्रेकच्या प्लेटाही याच तेलात चालतात. त्यामुळे एका जागी सुरू झालेली गळती गिअर, लिफ्ट आणि ब्रेक या सर्वांवर परिणाम करते.

गळती थेंबाथेंबाने होत असल्याने तिच्याकडे दुर्लक्ष होते. साधारण ३० थेंबांचे एक मिलिलिटर धरले, तर मिनिटाला एक थेंब पडणाऱ्या गळतीत महिन्याला सुमारे दीड लिटर ऑइल जाते. दर दहा सेकंदांना एक थेंब पडत असेल, तर दिवसालाच पाव लिटरहून जास्त ऑइल जाते. मात्र खरा धोका ऑइलच्या खर्चाचा नाही. कोरडे ब्रेक असलेल्या ट्रॅक्टरमध्ये हेच ऑइल ब्रेक लायनरवर उतरले, तर भरलेली उसाची ट्रॉली उतारावर थांबत नाही. म्हणून गळती किती आहे, यापेक्षा ती कोठून आहे, हे आधी शोधावे.

गळणारे तेल कोणते, हे ओळखणे

ट्रॅक्टर सपाट जागेवर उभा करून रात्रभर खाली स्वच्छ पुठ्ठा किंवा पांढरे पोते पसरावे. सकाळी डागाची जागा, रंग व वास पाहावा.

- काळे, पातळसर तेल : इंजिन ऑइल. डिझेल इंजिनात ते काही तासांतच काळे होते.
- पिवळसर किंवा तपकिरी, बोटांना चिकट लागणारे तेल : ट्रान्समिशन व हायड्रॉलिक ऑइल.
- लालसर तेल, पुढच्या बाजूला : काही ट्रॅक्टरच्या पॉवर स्टिअरिंगमध्ये लाल रंगाचे तेल असते. स्टिअरिंगचे पाइप व जोड तपासावेत.
- दुधाळ, चहासारखे तेल : ट्रान्समिशन ऑइलमध्ये पाणी शिरले आहे. भात चिखलणीनंतर हे जास्त आढळते.
- पातळ, उग्र वासाचे : डिझेल.
- हिरवे किंवा अन्य रंगाचे, पाण्यासारखे : रेडिएटरचे कूलंट.

आधी दोन सोप्या गोष्टी तपासाव्यात

१) ऑइलची पातळी : पातळी जास्त असली तरी गळती होते. ट्रॅक्टर सपाट जागेवर, इंजिन बंद, लिफ्टचे हात पूर्ण खाली आणि दहा-पंधरा मिनिटे थांबून डिपस्टिक पाहावी. लिफ्ट वर असताना मोजल्यास पातळी कमी दिसते, त्यावर ऑइल ओतले की ते जास्त होते आणि सीलमधून बाहेर येते.

२) ब्रीदर : काम करताना ऑइल तापते व आतील हवा फुगते. ती बाहेर पडावी म्हणून हाउसिंगच्या वरच्या बाजूस किंवा ऑइल भरण्याच्या टोपणातच ब्रीदर असतो. तो धूळ व चिखलाने बंद झाला, की आतील दाब सीलवर येतो आणि चांगले सीलही गळू लागते. ब्रीदर काढून डिझेलमध्ये धुवावा, वाळवून बसवावा. एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी गळती सुरू झाली असेल, तर सील बदलण्याआधी ब्रीदर पाहावा.

गळतीची नेमकी जागा शोधणे

तेल वरून खाली ओघळते आणि चालत्या ट्रॅक्टरवर वाऱ्याने मागे पसरते. म्हणून जेथे थेंब पडतो, तेथेच गळती असते असे नाही. पुढील क्रमाने तपासणी करावी.

- संशयित भाग डिझेल व ब्रशने धुवून कापडाने कोरडा करावा. सांधे, नट व पाइपचे जोड पूर्ण स्वच्छ दिसले पाहिजेत.
- कोरड्या भागावर टाल्कम पावडर किंवा खडूची बारीक पूड भुरभुरावी.
- ट्रॅक्टर अर्धा तास चालवावा. नंतर लिफ्ट काही वेळा वर-खाली करावी व इंजिन बंद करावे.
- पावडर जेथे सर्वांत वर आणि सर्वांत पुढे ओली झाली असेल, ती गळतीची जागा समजावी.

महत्त्वाचे : लिफ्टच्या पाइपमधील दाब साधारण १५० ते २०० बारपर्यंत जातो. बारीक छिद्रातून निघणारी तेलाची धार डोळ्यांना दिसत नाही, पण ती कातडी भेदून शरीरात शिरते. गळती शोधण्यासाठी पाइपवरून कधीही हात फिरवू नये. पुठ्ठ्याचा तुकडा जवळ धरून पाहावे. तेल कातडीत शिरल्याची शंका आली, तर जखम छोटी दिसत असली तरी त्याच दिवशी, शक्य तितक्या लवकर रुग्णालयात जावे आणि "दाबाचे तेल आत गेले आहे" असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

जागेनुसार कारणे

- ड्रेन प्लग : वॉशर दबलेला किंवा आटे खराब.
- गिअर लिव्हरचे बूट : रबर फाटलेले. येथून ऑइल थोडे बाहेर येते, पण पावसाचे पाणी जास्त आत जाते.
- लिफ्टच्या हातांचा शाफ्ट : दोन्ही बाजूंची ओ-रिंग किंवा सील झिजलेले. जड पलटी नांगर व रोटाव्हेटर सतत वापरणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये नेहमी आढळते.
- पीटीओ शाफ्ट : सील झिजलेले, शाफ्टला दोरा किंवा गवत गुंडाळलेले, अथवा बेअरिंगमध्ये खेळ आलेला.
- मागच्या चाकाची आतील बाजू : ॲक्सल सील. रिमच्या आत तेल व माती यांचा थर दिसतो.
- ब्रेक हाउसिंग : कोरड्या ब्रेकच्या बाजूचे सील. एक ब्रेक कमी लागतो, ब्रेक दाबल्यावर ट्रॅक्टर एका बाजूला ओढला जातो.
- बाहेरील हायड्रॉलिक कपलर : आतील ओ-रिंग खराब किंवा कपलरमध्ये माती.
- पंपाकडे जाणारा सक्शन पाइप : इंजिन बंद असताना गळतो, चालू असताना उलट हवा ओढतो. ऑइलला फेस येतो, पंप आवाज करतो, लिफ्ट धक्के देत उचलते.
- क्लच हाउसिंगच्या तळाचे छिद्र : येथून तेल पडणे म्हणजे आतील सील गेले आहे. तेल काळे असेल तर इंजिनचे मागचे सील, पिवळसर असेल तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे सील. या छिद्रात चिखलणीसाठी प्लग बसविला असेल, तर काम संपल्यावर तो काढावा. अन्यथा तेल आत साचून क्लच प्लेट भिजते.

बाहेर गळती नाही, तरी पातळी कमी होते

काही ट्रॅक्टरमध्ये हायड्रॉलिक पंप इंजिनवर बसविलेला असतो. त्याच्या शाफ्टचे सील गेले, की हायड्रॉलिक ऑइल थेट इंजिनच्या चेंबरमध्ये जाते. जमिनीवर एकही थेंब पडत नाही. ट्रान्समिशनची पातळी घटते आणि इंजिन ऑइलची पातळी वाढते. इंजिनची डिपस्टिक वाढलेली दिसली, तर ट्रॅक्टर चालवू नये, पंपाचे सील बदलून इंजिन ऑइलही बदलावे.

याउलट, इंजिन बंद केल्यावर उचललेले अवजार हळूहळू खाली येत असेल आणि ऑइलची पातळी कायम असेल, तर ती लिफ्टच्या पिस्टनची किंवा कंट्रोल व्हॉल्व्हची अंतर्गत गळती आहे. बाहेरील सील बदलून ती थांबत नाही.

दुरुस्तीपूर्वीची काळजी

- ट्रॅक्टर सपाट, टणक जागेवर उभा करावा. चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ओंडके लावावेत.
- अवजार काढून ठेवावे किंवा जमिनीवर टेकवावे. इंजिन बंद करून चावी काढावी व लिफ्टचा लिव्हर वर-खाली करून पाइपमधील दाब सोडावा.
- ऑइल कोमट होईपर्यंत थांबावे. गरम ऑइलने भाजते.
- उचललेल्या अवजाराखाली किंवा केवळ जॅकवर टेकलेल्या ट्रॅक्टरखाली जाऊ नये. विटांचा आधार देऊ नये, त्या फुटतात.
- वॉरंटीतील ट्रॅक्टर घरी उघडू नये, अधिकृत सेवा केंद्राला कळवावे.

घरी करता येण्याजोगी दुरुस्ती

*ड्रेन प्लग* : ऑइल स्वच्छ, झाकता येईल अशा भांड्यात काढावे. प्लगच्या चुंबकावर बारीक भुकटी असणे सामान्य आहे, धातूचे कण किंवा तुकडे असल्यास मेकॅनिकला दाखवावे. नवीन वॉशर लावावा. तांब्याचा जुना वॉशर पुन्हा वापरायचा असल्यास लाल होईपर्यंत तापवून थंड करावा, तो मऊ होऊन नीट बसतो. पान्याला पाइप लावून प्लग आवळू नये, बिडाच्या हाउसिंगचे आटे जातात.

*कव्हरचे पॅकिंग* : जुने पॅकिंग खरवडून दोन्ही पृष्ठभाग कोरडे करावेत. नवीन पॅकिंग बसवून बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळावेत. सिलिकॉनचा अगदी पातळ थर पुरेसा असतो. जास्त लावलेले सिलिकॉन आत सुटते आणि सक्शन गाळणी बंद करते.

*कपलर व पाइप* : कपलर स्वच्छ करून त्याच मापाची, तेलाला टिकणारी ओ-रिंग बसवावी. दाबाचा रबरी पाइप फुगला किंवा चिरला असेल, तर त्याच दाबक्षमतेचा नवीन घ्यावा. दाबाच्या पाइपवर ट्यूबची पट्टी, तार किंवा इपॉक्सी पुट्टी लावून काम चालवू नये.

*पीटीओ शाफ्टचे सील* : हत्यारे व थोडा अनुभव असल्यास हे काम घरी होते.

१) ऑइलची पातळी शाफ्टच्या खाली येईपर्यंत ऑइल काढावे.
२) गार्ड व सीलचे कव्हर काढावे. जुने सील काढण्याआधी त्याची दिशा पाहून ठेवावी. सीलवर आतील व्यास, बाहेरील व्यास आणि जाडी छापलेली असते, त्याच मापाचे सील आणावे.
३) शाफ्टवर सील घासते तेथे नख फिरवावे. नख अडकेल इतकी खाच असेल, तर नवीन सीलही लवकर गळेल. अशा वेळी शाफ्ट किंवा त्यावरील स्लीव्ह बदलण्याबाबत मेकॅनिकला विचारावे.
४) शाफ्ट हाताने वर-खाली हलवून पाहावा. खेळ जाणवल्यास आधी बेअरिंग बदलावे.
५) शाफ्टच्या खाचांवर प्लास्टिकची टेप गुंडाळावी, म्हणजे सीलची कड कापत नाही. सीलच्या कडेला ग्रीस लावावे.
६) स्प्रिंगची बाजू तेलाकडे ठेवून, सीलच्या बाहेरील व्यासाच्या पाइपच्या तुकड्याने सगळीकडून सारखे ठोकत सील बसवावे. तिरके बसलेले सील टिकत नाही.
७) कव्हर बसवून ऑइल भरावे, पीटीओ दहा मिनिटे चालवावा. इंजिन बंद करून शाफ्ट थांबल्यावरच तपासावे.

मेकॅनिककडेच करावयाची कामे

क्लच हाउसिंगमधील सील (यासाठी ट्रॅक्टरचे दोन भाग करावे लागतात), ॲक्सल सील, हायड्रॉलिक पंप, कंट्रोल व्हॉल्व्ह आणि ब्रेक हाउसिंगची कामे घरी करू नयेत. ब्रेक लायनर तेलाने भिजले असेल, तर सीलबरोबर लायनरही बदलावे. पेट्रोल किंवा डिझेलने धुतल्याने आत मुरलेले तेल निघत नाही. दुरुस्ती होईपर्यंत अशा ट्रॅक्टरला ट्रॉली जोडू नये.

ऑइल भरताना

- ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेल्या दर्जाचेच ऑइल वापरावे. ऑइल-ब्रेक असलेल्या ट्रॅक्टरमध्ये ९० नंबरचे गिअर ऑइल टाकू नये. वेगवेगळ्या प्रकारची ऑइल एकत्र करू नयेत.
- गळती थांबविण्याचे मिश्रण टाकून सील काही दिवस फुगते, पण झिजलेले सील भरून येत नाही. ऑइल-ब्रेकच्या ट्रॅक्टरमध्ये अशी मिश्रणे टाळावीत.
- ऑइल दुधाळ झाले असेल, तर सर्व ऑइल काढून फिल्टर बदलावा, गाळणी धुवावी आणि पाणी शिरण्याची वाट बंद करावी.

जमीन व पाण्याची काळजी

मातीत सांडलेले तेल कणांभोवती थर करते. तेथे पाणी मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही आणि बी उगवत नाही. विहीर, बोअर, शेततळे किंवा पाटाजवळ ट्रॅक्टरचे ऑइल बदलू नये. सांडलेल्या तेलावर लाकडाचा भुसा किंवा कोरडी माती टाकून ती गोळा करावी. वापरलेले ऑइल कायद्याने घातक टाकाऊ पदार्थांत मोडते. ते बांधावर तण मारण्यासाठी ओतू नये किंवा जाळू नये. बंद कॅनमध्ये साठवून सेवा केंद्रात किंवा अधिकृत संकलकाकडे द्यावे.

विस्तार कार्यकर्ते व अवजारे बँकांसाठी

प्रत्येक ट्रॅक्टरसाठी वहीत तारीख, कामाचे तास, ऑइलची पातळी आणि वरून किती ऑइल घातले याची नोंद ठेवावी. दोन नोंदींमधील फरकावरून गळती वाढते आहे का, हे डाग दिसण्याआधीच कळते. एप्रिल-मे महिन्यात, खरिपाच्या मशागतीपूर्वी, ब्रीदर, गिअर लिव्हरचे बूट, ड्रेन प्लग, पीटीओ सील आणि दोन्ही ब्रेक यांची तपासणी करून घ्यावी. पेरणीच्या घाईत मेकॅनिक व सुटे भाग दोन्ही वेळेवर मिळत नाहीत.