शेवटाची वाट पाहणाऱ्यांनी काय केले? विग नदीकाठची वस्ती

जग बुडणार म्हणून जगापासून दूर गेलेल्या माणसांविषयी आपण पुष्कळ ऐकतो. पण जग बुडाले नाही, तर दुसऱ्या दिवशी ही मंडळी काय करतात? आज हा प्रश्न आपण रशियाच्या इतिहासाला विचारू.

१६५२ मध्ये निकॉन रशियन चर्चचा प्रमुख झाला. ग्रीक प्रथेशी मेळ बसावा म्हणून त्याने विधी बदलले. क्रूसाची खूण दोन बोटांऐवजी तीन बोटांनी करायची, येशूच्या नावात एक अक्षर वाढवायचे. एवढ्याशा गोष्टीवरून कसले भांडण, असे आपल्याला वाटेल. पण ज्याची मुक्तीच त्या विधीत आहे, त्याला ते एवढेसे कसे वाटावे? १६६६-६७ च्या धर्मसभेने जुनी रीत पाळणाऱ्यांना बहिष्कृत केले. त्यात बायबलमधला ६६६ हा आकडा सालाशी जुळला. ख्रिस्ताचा वैरी राज्यावर बसला, आता शेवट आलाच, असे यातल्या अनेकांनी मानले.

१६८५ च्या फर्मानाने हट्ट न सोडणाऱ्यांना जाळण्याची शिक्षा ठरवली. उत्तरेच्या जंगलात सैनिक येताहेत असे कळले की लोक प्रार्थनाघरात स्वतःला कोंडून घेत आणि आतून आग लावत. सगळा दोष सैनिकांचाच, असे मात्र म्हणता येत नाही. लोकांना आगीसाठी तयार करणारे उपदेशक होतेच. म्हणून तर १६९१ मध्ये एव्फ्रोसिन या त्यांच्याच पंथातल्या साधूने या आत्मदहनांविरुद्ध ग्रंथ लिहिला.

१६९४ मध्ये ओनेगा सरोवराच्या उत्तरेला, विग नदीकाठी दानिइल विकुलिन आणि आंद्रेई देनिसोव्ह यांनी वस्ती उभी केली. शेवट जवळ आहे, ही श्रद्धा यांचीही. खरे धर्मगुरू उरले नाहीत, म्हणून लग्नविधीही नाही; बाया आणि पुरुष वेगळे राहायचे. पण पोट कुणाला चुकले आहे? थंडीने पीक जाई, तेव्हा पिठात पेंढा मिसळून भाकरी करावी लागे. पुढे पीटर द ग्रेटला लोखंडाच्या कारखान्यांसाठी माणसे हवी होती. त्या कामाच्या बदल्यात त्याने यांना त्यांच्या रीतीने राहू दिले. मग वस्ती वाढली. व्होल्गाकाठचे धान्य घेऊन ही मंडळी सेंट पीटर्सबर्गला विकू लागली. शाळा, रुग्णालय, पितळी मूर्तिपट्टांची ओतशाळा उभी राहिली. बायका हस्तलिखितांच्या नकला करीत. १७२३ मध्ये सरकारी चर्चच्या १०६ प्रश्नांना त्यांनी ग्रंथभर उत्तरे दिली.

याची किंमतही होती. १७३९ च्या सुमारास चौकशीच्या धाकाने त्यांनी झारसाठी प्रार्थना म्हणायचे मान्य केले. ज्याला वैरी म्हटले, त्याच्याचसाठी प्रार्थना! फिलिप नावाचा साधू चिडून बाहेर पडला आणि पुढे सैनिक आले तेव्हा अनुयायांसह जळून मेला.

आता यातला खरा श्रद्धावान कोण? फिलिपची निष्ठा आपण नाकारू शकत नाही. पण विगकरांनी श्रद्धा सोडली होती, असेही नाही. शेवटाची तारीख त्यांनी धरून ठेवली नाही, एवढेच. आपल्याकडे कलियुग ४,३२,००० वर्षांचे मानले, त्यामुळे पेरणी कुणी थांबवत नाही. विगकरांना तेवढी मोठी मुदत नव्हती. आजच शेवट येईल असे मानून त्यांना उद्याचे बी राखून ठेवावे लागले. आमच्या मते हे जळण्याहून कठीण आहे.

१८५० च्या दशकात सरकारनेच ही वस्ती मोडली. जुन्या रीतीवरचा बहिष्कार रशियन चर्चने मागे घेतला, तो १९७१ मध्ये.