फॉरमॅट मारण्याआधी : बंद करताना कोसळणाऱ्या प्लेअरचा इतिहास



विषय ऐकून काहींना वाटलं असेल, इतिहासाच्या व्याख्यानात हे कॉम्प्युटर दुरुस्तीचं प्रकरण कुठून आलं? तर आधी दुखणं काय ते सांगतो. घरच्या कॉम्प्युटरवर व्हिडिओ प्लेअर अपडेट झाला. लग्नाची सीडी लावली, शेवटपर्यंत नीट चालली, चित्र नीट, आवाज नीट. आणि खिडकी बंद करायला फुलीवर क्लिक केलं की संदेश येतो, प्रोग्रॅम काम करायचा थांबला. रोज हेच. चालताना काही नाही, बंद करताना मात्र कोसळतो.

मग शेजारचा विचारतो, "काय व्हयनं, भो?" आणि सल्ले सुरू होतात. कोणी म्हणतो व्हायरस आहे, कोणी म्हणतो सीडी खराब आहे. आणि जळगाव असो की धुळं, शेवटचा सल्ला ठरलेला: "फॉरमॅट मारून टाका." माझं आज एवढंच म्हणणं आहे, की हा प्रश्न मुळात इतिहासाचा आहे. काय कधी बदललं, कुठून आलं आणि त्याआधी काय होतं, हे विचारल्याशिवाय तो सुटत नाही. आणि फॉरमॅट मारणं म्हणजे दप्तर वाचायच्या आधीच ते जाळून टाकणं.

धुळ्याला हे वेगळं सांगायची गरज पडू नये. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी याच गावात वारले, आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ इथंच आहे. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या त्यांच्या मालेचा पहिला खंड १८९८ सालचा, आणि एकूण खंड २२. ऐकीव गोष्टींवर इतिहास उभारू नका, आधी अस्सल कागद हाती घ्या, असा त्यांचा आग्रह होता. कागद कोणाच्या दप्तरातला, तारीख कोणती, आधीचं पत्र कोणतं, नंतरचं कोणतं. आपल्याला आज हेच प्रश्न एका यंत्राला विचारायचेत.

आता थोडं मागे जाऊ. व्हिडिओ सीडीचं मानक १९९३ साली ठरलं. एका तबकडीवर साधारण ७४ मिनिटांचं चित्र बसायचं, म्हणून हिंदी सिनेमाच्या दोन-दोन सीड्या यायच्या. आपल्याकडे टेलिव्हिजनसाठी जे चित्र असायचं ते ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं. आजच्या साध्या मोबाइललाही ते लहान वाटेल. पण अहिराणी गाणी, विनोदी नाटुकली, कानबाईची गाणी, लग्नं, उत्तरकार्याला आलेल्या कीर्तनकारांची कीर्तनं, हे सगळं खानदेशात घरोघर पोचलं ते याच तबकडीवरून. कॉम्प्युटरमध्ये ती घातली की आत डॅट नावाची फाइल दिसते. आजही कित्येक कपाटांत त्या पडून आहेत.

सीडीनंतर डिव्हएक्स आलं आणि अख्खा सिनेमा एका सीडीवर मावू लागला. पण ते चित्र उलगडायला कॉम्प्युटरमध्ये वेगळा तुकडा लागायचा, त्याला कोडेक म्हणतात. विंडोजबरोबर येणाऱ्या प्लेअरकडे तो नसायचा. मग दुकानदार कोडेकचा एक गठ्ठाच टाकून द्यायचा. एका गठ्ठ्यात डझनभर लोकांनी डझनभर ठिकाणी लिहिलेले तुकडे, आणि प्लेअर त्यातला जो सापडेल तो उसना घ्यायचा. सिनेमा चालायचा, लोक खूश व्हायचे. पण कोणता तुकडा कोणाचा याचा हिशेब कोणी ठेवत नव्हतं.

याला वेगळं उत्तर पॅरिसहून आलं. १९९६ साली तिथल्या एकोल सांत्राल या अभियांत्रिकी संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी आपल्या वसतिगृहाच्या नेटवर्कवरून चित्र दाखवायचा प्रकल्प सुरू केला. त्यातूनच व्हीएलसी प्लेअर निघाला, तो नारिंगी शंकूवाला. २००१ साली संस्थेच्या परवानगीने त्याचा कोड मुक्त परवान्याखाली खुला झाला. व्हीएलसीने कोडेक आपल्याच पोटात ठेवले. गठ्ठा शोधायला नको, विकत घ्यायला नको. आपल्याकडच्या लोकांनी तो डोक्यावर घेतला तो यासाठी. पण उसनवारी कमी झाली तरी संपली नाही. पडद्यावर चित्र काढायला ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर लागतोच, आवाजाला आवाजाचा लागतो, आणि जागा विंडोजकडून घ्यावी लागते.

आता मूळ मुद्दा. चालताना सगळं ठीक आणि बंद करताना गडबड, असं का?

लग्नाचा मांडव डोळ्यांपुढे आणा. भांडी एकाची, कनाती दुसऱ्याची, लाइटिंग तिसऱ्याची, जनरेटर चौथ्याचा. लग्न सुरू असताना सगळे आपापल्या जागी असतात, भांडणाला कारणच नसतं. खरी परीक्षा लग्न उरकल्यावर. आधी वीज बंद, मग वायर गुंडाळायची, मग कनाती, आणि खांब सगळ्यात शेवटी. आता इलेक्ट्रिशियन शिडीवर असताना मांडववाल्याने खांब उपटला तर? माणूस खाली येणार. दोष त्याचा नाही, दोष क्रमाचा आहे.

प्लेअरमध्ये तेच होतं. एक काम चित्र उलगडतं, दुसरं आवाज, तिसरं खिडकी सांभाळतं, आणि ही कामं एकाच वेळी चालू असतात. बंद करा म्हटलं की प्रत्येकाने थांबून उसनं घेतलेलं परत करायचं असतं. एकाने जागा परत केली आणि दुसरं काम अजून त्याच जागेत हात घालतंय, असं झालं की विंडोज त्या प्रोग्रॅमला तिथंच खाली पाडतं. याला ॲक्सेस व्हायोलेशन म्हणतात. म्हणजे अपडेटने क्रम बदलला, किंवा नवा प्लेअर जुन्या सेटिंगवर येऊन बसला, किंवा ड्रायव्हर बदलला, की जे कालपर्यंत नीट आवरत होतं ते आज आवरत नाही.

इथं एक धीराची गोष्ट सांगतो. नुसतं बघत असताना प्लेअर तुमची व्हिडिओ फाइल फक्त वाचतो, तिच्यात लिहीत नाही. त्यामुळे बंद करताना तो पडला म्हणून लग्नाची सीडी बिघडत नाही. बिघडू शकतात त्या प्लेअरच्या स्वतःच्या नोंदी: कोणत्या फाइली अलीकडे पाहिल्या, कुठं थांबलो, सेटिंग काय. अपवाद एकच. तुम्ही त्याच प्लेअरमधून जुन्या सीडीचं एमपीफोर करत असाल, तर त्या फाइलची अनुक्रमणिका सहसा अगदी शेवटी लिहिली जाते. ती लिहिण्याआधी प्रोग्रॅम पडला तर फाइल मोठी दिसेल, पण उघडणार नाही. म्हणून नवी फाइल सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवून बघितल्याशिवाय मूळ तबकडी कोणाला देऊ नका, टाकू तर अजिबात नका.

आता अपडेटचाही इतिहास बघा, कारण अपडेट कुठून आला यावर बरंच ठरतं. विंडोजवरच्या व्हीएलसीच्या ३.०.१२ आणि ३.०.१३ या आवृत्त्यांत स्वतःला अपडेट करणारा भागच बिघडलेला होता. नवी आवृत्ती उतरायची, तपासलीही जायची, पण बसायची नाही. मे २०२१ मध्ये ३.०.१४ आली, आणि लोकांना सांगावं लागलं की वेबसाइटवर जा आणि हाताने टाकून घ्या. पुढं फेब्रुवारी २०२२ पासून भारतात तीच वेबसाइट अनेक इंटरनेट कंपन्यांकडून उघडेनाशी झाली. तशी जाहीर सूचना कुठं नव्हती; बऱ्याच लोकांना ते कळलं ऑगस्टमध्ये. व्हीएलसी बनवणाऱ्या संस्थेने इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या मदतीने सरकारला कायदेशीर नोटीस दिली, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये साइट पुन्हा उघडली.

या दोन घटना शेजारी ठेवा. ज्याचा प्लेअर आपोआप अपडेट होत नव्हता त्याला वेबसाइटवर जायचं होतं, आणि ती वेबसाइट आपल्याकडे बंद. अशा वेळी माणूस काय करतो? पेनड्राइव्हवर मित्राकडून आणतो, किंवा भलत्याच साइटवरून उतरवतो, जिथं प्लेअरबरोबर आणखी चार गोष्टी गुपचूप येतात. म्हणून पहिला प्रश्न राजवाड्यांचाच: हा कागद कोणाच्या दप्तरातला? प्लेअर मूळ ठिकाणाहून आलेला नसेल तर पुढची चौकशी व्यर्थ आहे. तो काढा, मूळ साइटवरचा टाका, आणि मग बघा.

दुसरा प्रश्न तारखेचा. विंडोजमध्ये रिलायबिलिटी मॉनिटर नावाची सोय आहे. शोधपट्टीत नाव टाकलं की मिळते. तिच्यात दिवसवार मांडलेलं असतं: या दिवशी हे अपडेट बसलं, या दिवशी हा प्रोग्रॅम पडला. जेधे शकावली वाचलेल्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल; तिथी आणि घटना, वर भाष्य काही नाही. ती नीट वाचा. आपण म्हणतो प्लेअर अपडेट झाल्यावर बिघडला, आणि शकावली सांगते की त्याच आठवड्यात विंडोजने ग्राफिक्सचा ड्रायव्हरही बदलला होता. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली, एवढ्यावरून कावळ्याला दोष देता येत नाही.

तिसरा प्रश्न साक्षीचा. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमध्ये ॲप्लिकेशन बघा. प्रत्येक पडझडीची तिथं नोंद असते आणि कोणत्या तुकड्यात पडला त्याचं नाव असतं, फॉल्टिंग मॉड्यूल. नाव ग्राफिक्स ड्रायव्हरचं असेल तर संशय तिकडे, प्लेअरच्या प्लगिनचं असेल तर इकडे. पण मढं जिथं सापडलं तिथंच खून झाला असं नसतं. ही साक्ष आहे, निकाल नव्हे. चार वेळा तेच नाव आलं तर वजन वाढतं.

यानंतर हात घाला, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि बरं वाटलं, तर कशाने बरं वाटलं हे कधीच कळत नाही. आधी प्लेअरच्या प्रेफरन्सेसमध्ये जाऊन सेटिंग मूळपदावर आणा; जुन्या आवृत्तीच्या नोंदी नव्याला बाधत असतील तर तेवढ्याने भागतं. नाही भागलं तर हार्डवेअर डिकोडिंग बंद करून बघा. बंद केल्यावर पडायचं थांबलं, तर गाठ ड्रायव्हरशी आहे. तो नवा टाका किंवा आधीचा परत आणा. तेही नाही, तर प्लेअर पूर्ण काढा, काढताना विचारतो तेव्हा सेटिंगही काढायला सांगा, आणि पुन्हा टाका. जुने प्लगिन मागे उरले असतील तर ते असे जातात. आणि शेवटी, आधीची आवृत्ती मूळ साइटवरून आणून तात्पुरती वापरा. कायमची नको, कारण अपडेटमध्ये सुरक्षेची डागडुजीही असते.

आणि तुमची शकावली, साक्ष आणि काय केल्यावर काय झालं, हे लिहून प्लेअर बनवणाऱ्यांना कळवा. मुक्त परवान्याच्या प्रोग्रॅमची दुरुस्ती अशाच कळवण्यांवर होत आली आहे. "चालत नाही" एवढं कळवून उपयोग नाही. आवृत्ती कोणती, विंडोज कोणतं, काय केलं की पडतो, एवढं तरी हवं.

आता फॉरमॅटकडे परत येतो. दुकानदाराची बाजू मी समजू शकतो. त्याला संध्याकाळपर्यंत पाच मशीन द्यायची असतात, आणि फॉरमॅटने बहुतेक वेळा काम होतं. पण प्लेअर बंद होताना पडणं हे दुखणं नखाएवढं आहे. पुष्कळदा त्याने काहीच बिघडत नाही, कारण प्रोग्रॅम गेल्यावर विंडोज सगळी जागा परत घेतंच. त्यासाठी अख्खी डिस्क पुसायची, आणि तिच्यावर काय होतं हे विचारायचंही नाही?

त्या डिस्कवर काय असतं ते आपल्याला माहीत आहे. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी १९५१ साली गेल्या. त्यांना लिहिता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि एका नातलगाने ऐकून ऐकून उतरवून ठेवलं म्हणून १९५२ साली ती गाणी पुस्तकात आली. ऐकणाऱ्याने वेळेवर वही काढली नसती तर आज विद्यापीठाला द्यायला ते नाव आपल्याकडे नसतं. तुमच्या घरच्या आजीने जात्यावरची ओवी किंवा कानबाईचं गाणं म्हटलेलं असेल, तर त्याची वही म्हणजे ती डॅट फाइल, नाहीतर मोबाइलमधली एखादी छोटी क्लिप. तिची दुसरी प्रत बहुधा कुठंच नसते.

म्हणून घरी गेल्यावर दोन कामं करा. प्लेअर पडत असो वा नसो, त्या फाइलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर करून ठेवा, आणि फाइलीच्या नावात कोणाचा आवाज आणि कोणतं साल ते लिहा. आणि दुकानात मशीन द्याल तेव्हा सांगा, आधी नोंदी बघा, फॉरमॅट मला विचारल्याशिवाय करू नका.