चहाच्या घरातील कॉफी

इंग्लंड म्हटले की चहा, हे समीकरण आपल्या मनात पक्के बसलेले आहे. चहा तिथला, शिष्टाचारही तिथला आणि तो शिकलो आपण, अशीच आपली समजूत असते. परंतु ब्रिटनमधील एखाद्या साध्या घराचे स्वयंपाकघर पाहिले तर चहाच्या डब्याशेजारी काचेची एक बरणी हमखास दिसते. तिच्यात तपकिरी रंगाची भुकटी किंवा बारीक दाणे असतात. चमचाभर भुकटी मगात टाकायची, वर उकळते पाणी ओतायचे, थोडे थंड दूध घालायचे, कॉफी तयार. ब्रिटिश कॉफी असोसिएशन ही तेथील व्यावसायिकांची संस्था सांगते की, देशातील सुमारे ८० टक्के कुटुंबे घरी पिण्यासाठी ही इन्स्टंट कॉफी विकत घेतात. पासष्टी ओलांडलेल्यांत तिची आवड विशेष आहे.

कॉफीचे जाणकार या भुकटीकडे तुच्छतेने पाहतात. इटालियन माणूस तर तिला कॉफी म्हणायलाही तयार होत नाही. मग रस्तोरस्ती कॉफीची दुकाने थाटलेल्या या देशात घरोघरची बरणी टिकली कशी? ब्रिटिशांना चव कळत नाही, हे उत्तर सोपे आहे, पण ते इतिहासाला धरून नाही. आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर कॉफीच्या इतिहासात कमी आणि चहाच्या इतिहासात अधिक सापडते.

कॉफी रस्त्यावर, चहा घरात

ब्रिटनमध्ये कॉफी चहाच्या आधी रुजली. १६५२ साली पास्क्वा रोझे नावाच्या माणसाने लंडनच्या कॉर्नहिल भागातील एका बोळात कॉफीचे दुकान मांडले. तुर्की प्रदेशाशी व्यापार करणाऱ्या डॅनियल एडवर्ड्स या व्यापाऱ्याचा तो सेवक होता. पुढील काही दशकांत लंडनभर कॉफीगृहे झाली. एक पेनी देऊन आत जावे, कॉफी प्यावी, वृत्तपत्रे वाचावी आणि राजकारणापासून विज्ञानापर्यंत कशावरही वाद घालावा, अशी ती जागा होती. राजा दुसरा चार्ल्स याला या वादांची इतकी धास्ती वाटली की, डिसेंबर १६७५ मध्ये त्याने कॉफीगृहे बंद करण्याचा जाहीरनामा काढला. आणि लोकांचा रोष पाहून थोड्याच दिवसांत तो मागेही घेतला. लॉइड्झ ही जगप्रसिद्ध विमा बाजारपेठ एडवर्ड लॉइडच्या कॉफीगृहातूनच जन्मली.

तथापि या कॉफीगृहांची एक मर्यादा होती. गिऱ्हाईक म्हणून तिथे पुरुषच बसत. कॉफी हे बाहेरचे, बाजाराचे पेय राहिले; ते घरात शिरले नाही. चहाची वाट निराळी होती. १७०६ मध्ये थॉमस ट्वायनिंगने लंडनमध्ये कॉफीगृह घेतले आणि तिथे चहाची पत्ती विकायला आरंभ केला. पत्ती घरी नेता येत होती. ती भाजावी लागत नव्हती, दळावी लागत नव्हती. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे चीनहून चहा आणत होतीच. १७८४ च्या कायद्याने चहावरील कर ११९ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आणला आणि चहा गरिबाच्या आवाक्यात आला. १८३९ मध्ये आसामच्या चहाचा लंडनमध्ये पहिला लिलाव झाला. सिलोनमध्ये ब्रिटिश मळेवाल्यांनी कॉफीच लावली होती; पण १८६९ मध्ये तिथे पानांवरील तांबेरा आढळला आणि दोन दशकांत कॉफीचे मळे बसले. त्या जमिनीवर चहा उभा राहिला.

अशा रीतीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश घर हे पूर्णपणे चहाचे घर झाले. तिथे किटली होती, चहादाणी होती, गाळणी होती. कॉफी भाजण्याचा तवा नव्हता की दळण्याचे यंत्र नव्हते. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढील सारी कथा त्यावर उभी आहे.

बाटलीतील कॉफी

जी थोडीफार कॉफी घरात येई ती शुद्ध असेच असे नाही. डॉ. आर्थर हिल हॅसल यांनी १८५० च्या सुमारास सूक्ष्मदर्शकाखाली दुकानांतील कॉफी तपासली, तेव्हा तिच्यात चिकोरीची भेसळ सर्रास आढळली. या भेसळीविरुद्ध ओरड झाली खरी, पण चिकोरीची चव लोकांच्या जिभेवर बसली ती बसलीच.

१८७६ मध्ये ग्लासगोच्या पॅटरसन कंपनीने 'कॅम्प कॉफी' बाजारात आणली. कॉफी, चिकोरी आणि साखर यांचा हा दाट अर्क बाटलीत मिळे. चमचाभर अर्कावर गरम पाणी किंवा दूध ओतले की काम झाले. बाटलीवरील चित्रात तंबूबाहेर बसलेला स्कॉटिश सैनिक आणि त्याच्यासमोर तबक घेऊन उभा असलेला शीख सेवक दाखविला होता. हे चित्र पुढे बदलत गेले. आजच्या चित्रात तो शीख सैनिकाच्या शेजारी बसून स्वतःचा कप घेताना दिसतो. साम्राज्य गेल्याची नोंद बाटलीवरच्या कागदानेही घेतली, असे म्हणावयास हरकत नाही. आपल्या विषयापुरते महत्त्व एवढेच की, इन्स्टंट कॉफी जन्मण्यापूर्वीच गोड, दुधाळ आणि चमच्याने करावयाची कॉफी ब्रिटिश घराला ठाऊक होती.

भुकटीचा जन्म आणि युद्ध

विरघळणारी कॉफी करण्याचे प्रयत्न न्यूझीलंड आणि अमेरिकेत आधीच झाले होते. परंतु तिला जगभर नेले ते स्वित्झर्लंडच्या नेस्ले कंपनीने. १९२९ च्या आर्थिक कोसळीनंतर ब्राझीलमध्ये कॉफीचे ढीग पडून राहिले. भाव सावरण्यासाठी ब्राझील सरकारने १९३१ ते १९४४ या काळात सुमारे ७.८ कोटी पोती कॉफी नष्ट केली. हे धन जाळण्यापेक्षा टिकाऊ रूपात साठविता येईल काय, अशी विचारणा ब्राझीलकडून नेस्लेकडे झाली. मॅक्स मॉर्गेनथालर या रसायनतज्ज्ञाने अनेक वर्षे खपून मार्ग काढला आणि १ एप्रिल १९३८ रोजी स्वित्झर्लंडमध्ये 'नेसकॅफे' विक्रीस आली. कृती थोडक्यात अशी : भाजून दळलेल्या कॉफीचा गरम पाण्यात दाट अर्क काढावयाचा आणि तो उंच मनोऱ्यात उष्ण हवेत फवारावयाचा. पाणी उडून जाते, भुकटी खाली पडते. सुरुवातीच्या भुकटीत सुवास टिकविण्यासाठी पिष्टमय पदार्थही मिसळीत असत.

पुढील वर्षी महायुद्ध पेटले. जुलै १९४० मध्ये ब्रिटनमध्ये चहावर रेशन आले : माणशी आठवड्याला दोन औंस, म्हणजे जेमतेम ५७ ग्रॅम. हे रेशन १९५२ च्या ऑक्टोबरपर्यंत, तब्बल बारा वर्षे चालले. कॉफीवर रेशन नव्हते. त्यातच १९४२ पासून अमेरिकन सैनिक लाखोंच्या संख्येने ब्रिटनमध्ये येऊन राहिले. त्यांच्या शिध्यात इन्स्टंट कॉफीच्या पुड्या असत. एक संपूर्ण पिढी मोजक्या चहावर वाढली आणि दुसऱ्या एका पेयाकडे वळून पाहण्याची सवय तिला लागली.

किटलीचे राज्य

२२ सप्टेंबर १९५५ रोजी ब्रिटनमध्ये आयटीव्ही ही व्यापारी दूरचित्रवाणी सुरू झाली आणि कार्यक्रमांच्या मध्ये जाहिराती येऊ लागल्या. जाहिरातींच्या त्या दोन-तीन मिनिटांत पत्तीचा चहा मुरत नाही, इन्स्टंट कॉफी मात्र होते. म्हणून तिचा खप वाढला, असे नेहमी सांगितले जाते. यात तथ्य असावे. पण एवढ्यावर थांबता येत नाही. १९५३ मध्ये टेटली कंपनीने ब्रिटनमध्ये चहाची पुडी आणली. साठच्या दशकाच्या आरंभी पुडीचा वाटा चहाच्या बाजारात तीन टक्क्यांहून कमी होता. २००७ पर्यंत तो ९६ टक्के झाला. म्हणजे चहासुद्धा कॉफीइतकाच झटपट झाला. कॉफीचे बळ केवळ वेगात असते, तर पुडीच्या चहाने बरणी केव्हाच हद्दपार केली असती. तसे झाले नाही.

खरे कारण किटलीत आहे. ब्रिटनमधील वीज २४० व्होल्टच्या आसपास आणि युद्धानंतर रूढ झालेले प्लग १३ अँपिअरचे. त्यामुळे तेथील विजेची किटली तीन किलोवॉटपर्यंत शक्ती घेऊ शकते. अमेरिकेत विजेचा दाब याच्या निम्मा; तेथील किटली साधारणतः दीड किलोवॉटची. तेवढेच पाणी उकळायला तिथे दुप्पट वेळ लागतो. १९५५ मध्ये रसेल हॉब्ज यांनी पाणी उकळताच आपोआप बंद होणारी किटली काढली आणि आधणाकडे लक्ष ठेवण्याचे कामही उरले नाही. ४ जुलै १९९० रोजी विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत इंग्लंड पश्चिम जर्मनीकडून हरले. सामना संपताच देशाची विजेची मागणी एकदम २,८०० मेगावॉटने वाढली. अशा अचानक वाढीत किटल्यांचा वाटा मोठा असतो. ही सारी वाढ किटल्यांचीच मानली, तर ती तीन किलोवॉटच्या नऊ लाखांहून अधिक किटल्या एकाच वेळी सुरू केल्यासारखी होती. ज्या घरात उकळते पाणी इतके सुलभ, तिथे उकळत्या पाण्याने होणारे पेय रुजले यात नवल नाही.

इटलीच्या घरात १९३३ पासून 'मोका' हे चुलीवरचे भांडे होते. अमेरिकेच्या घरात कॉफीचा पर्कोलेटर होता. भुकटीला तिथे जुन्या सवयीशी झुंज द्यावी लागली. ब्रिटिश घरात तिला प्रतिस्पर्धीच नव्हता. तिथे भुकटीने चांगल्या कॉफीची जागा घेतली नाही. चहाच्या शेजारी, चहाच्याच किटलीवर तिने आपली जागा केली.

येथे पाहुणचाराचा प्रश्न येतो. ब्रिटिश घरात पाहुणा टेकला की पहिला प्रश्न होतो, "चहा घेणार की कॉफी?" चार जणांपैकी दोघांनी चहा आणि दोघांनी कॉफी मागितली तरी यजमानाचे श्रम वाढत नाहीत, एकाच आधणात दोन्ही होते. जिला दिवसभर नोकरी करून घर पाहावे लागते त्या गृहिणीला हे केवढे सोयीचे! कारखान्यात, कचेरीत, प्रार्थनामंदिराच्या सभागृहातही हाच हिशेब. चवीचे गणित मांडणाऱ्या जाणकारांच्या वहीत ही ओळ बहुधा नसते.

प्रतिष्ठेची उणीव मात्र कंपन्यांना जाणवत होती. साठच्या दशकात गोठवून सुकविलेल्या दाण्यांची 'गोल्ड ब्लेंड' आली. अर्क गोठवून निर्वात जागेत त्यातील बर्फाची थेट वाफ करावयाची, म्हणजे सुवास अधिक टिकतो. १९८७ ते १९९३ या काळात तिच्या जाहिरातींची बारा भागांची मालिकाच चालली. जेवणाला पाहुणे आलेले असताना कॉफी संपलेली शेजारीण वरच्या घरी कॉफी मागायला जाते, अशी तिची सुरुवात. भुकटी पाहुण्यांपुढे ठेवण्यास लाजू नका, हाच तिचा संदेश होता.

बरणीची दुसरी बाजू

स्वस्ताईचा मोबदला कोणी दिला, हेही इतिहासाने विचारले पाहिजे. या भुकटीत मुख्यत्वे रोबस्टा जातीचे बी वापरतात. ते अरेबिकापेक्षा कडवट, पण पीक जोमदार, भाव कमी आणि अर्कही अधिक निघतो. युगांडा, आयव्हरी कोस्ट, व्हिएतनाम आणि आपले कर्नाटक ही त्याची क्षेत्रे. १९६२ पासूनच्या आंतरराष्ट्रीय कराराने देशांना निर्यातीचे कोटे ठरवून दिले होते आणि भावाला काहीसा आधार होता. जुलै १९८९ मध्ये ही कोटापद्धती कोसळली, भाव गडगडले आणि लहान शेतकरी उघडा पडला. त्यातून १९९१ मध्ये ब्रिटनमध्ये 'कॅफेडायरेक्ट' निघाली. १९९२ मध्ये 'फेअरट्रेड फाउंडेशन' स्थापन झाले. कॅथलिक धर्मसभेची 'कॅफॉड' ही मदतसंस्था तिच्या संस्थापकांपैकी एक होय. चमचाभर भुकटीमागे कोणाचे तरी शेत आहे, हे ग्राहकाला सांगण्याचा तो प्रयत्न होता.

काळाने काही उलटापालटही केली. चहाची पुडी ब्रिटनमध्ये आणणारी टेटली २००० मध्ये मुंबईच्या टाटा समूहाने विकत घेतली. आंध्रातील दुग्गीराला येथे १९९५ मध्ये इन्स्टंट कॉफीचा कारखाना काढणाऱ्या सीसीएल कंपनीने २०२३ मध्ये 'पर्कोल' ही ब्रिटिश कॉफीची नाममुद्रा घेतली. तबक घेऊन उभा असलेला सेवक आता दुकानाचाही मालक झाला आहे. मात्र मळ्यातील मजुराचे दैव तेवढे पालटले का, हा प्रश्न मालकी बदलल्याने सुटत नाही.

१९९८ मध्ये स्टारबक्सने ब्रिटनमध्ये पाऊल ठेवले आणि कॉफीची दुकाने गावोगावी पसरली. व्यावसायिकांच्याच एका अहवालानुसार २००८ मध्ये दिवसाला ७ कोटी कप कॉफी पिणारा हा देश २०१८ मध्ये साडेनऊ कोटी कपांवर गेला. आता भुकटीचे दिवस भरले, असे तेव्हा अनेकांना वाटले. परंतु बाहेरची कॉफी बाहेर राहिली आणि घरची घरात. साडेतीन शतकांपूर्वी पडलेली ती विभागणी आजही पुरती पुसलेली नाही.

लोकांच्या सवयींना नावे ठेवण्यापूर्वी त्या कशा जडल्या हे पाहावे, एवढाच या कथेचा बोध आम्हाला वाटतो. ब्रिटिश घरातील ती बरणी अडाणीपणाची खूण नाही. करांचे कायदे, एका बुरशीचा रोग, बारा वर्षांचे रेशन, विजेचा दाब आणि दमूनभागून घरी आलेल्या माणसाची निकड, या सर्वांनी मिळून ती तिथे ठेवली आहे. दारी आलेल्याला लगेच काहीतरी ऊन ऊन देता यावे, ही इच्छाही तीत आहेच. आणि ती इच्छा आपल्याकडील घरांनाही परकी नाही.