सामाईक हत्यारे आणि परकी अक्षरे

काही वर्षांपूर्वी एका कचेरीतून आमच्या संघटनेकडे सभासदांची छापील यादी आली. वर्गणीचे आकडे बिनचूक. नावांच्या जागी मात्र नुसती प्रश्नचिन्हे. प्रश्नचिन्हामागे नाव लपलेले नसते, ते गेलेलेच असते. कष्टाची नोंद राहावी नि कष्टणाऱ्याचे नाव जावे, हे आम्हांला सोसवेना. म्हणून पन्नाशीत या विद्येच्या मागे लागलो.

यंत्राला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. अमेरिकेत १९६३ साली ठरलेल्या आस्की संकेतात १२८ जागा. त्यांत रोमन लिपी मावली, जपानी मावणे शक्यच नव्हते. जपानात शिफ्ट-जिस पद्धत निघाली. तीत पुष्कळ अक्षरांना दोन बाइट लागतात. गोम अशी की दुसरा बाइट कधीकधी ९२ असतो, आणि आस्कीत ९२ म्हणजे उलटी तिरकी रेघ.

पोस्टग्रेस्क्यूएल ही माहितीचे कोठार सांभाळणारी मोफत प्रणाली. तिच्यात १९९८ साली अशा अक्षरांची सोय झाली, ती तात्सुओ इशिई यांच्या खटपटीने. मागणी करणाऱ्या प्रोग्रॅमने आपली पद्धत सांगावी, कोठाराने बदल करून घ्यावा. शिफ्ट-जिसला दाराशी प्रवेश आहे, कोठारात नाही.

आता कोठाराला धाडलेल्या हुकुमात नाव कोठे संपले, हे अवतरणचिन्ह सांगते. नावातच ते चिन्ह आले तर त्याची जोडी करतात, किंवा त्याआधी उलटी रेघ घालतात. हे काम करणारे सामाईक हत्यार लिबपीक्यू नावाच्या पेटीत होते. परंतु बोलणे कोणत्या लिपीत चालले आहे, हे विचारण्याची त्या जुन्या हत्याराला सोयच नव्हती! कोणी मुद्दाम अर्धवट अक्षर धाडले, की पलीकडचा वाचक पहाऱ्यावरचे चिन्ह त्या अक्षरालाच जोडून घेई. पहारा गेला, आणि नाव म्हणून आलेला मजकूर हुकूम होऊन बसला. मे २००६ मध्ये नवे हत्यार आले. ते आधी जोडणीला लिपी विचारते.

याच प्रणालीचे छोटे प्रोग्रॅम पुष्कळ. पूर्वी एका खात्याची फाइल दुसरे खाते उसनी घेई. गिरणीत पाना असाच फिरे. २०१६ साली त्यांच्यासाठी एक स्वतंत्र सामाईक कप्पा झाला. तरीही फेब्रुवारी २०२५ मध्ये उघड झाले, की अवैध अक्षर आले असता तटबंदीची हीच हत्यारे पुन्हा फसत होती. १३ तारखेला दुरुस्ती निघाली. तिच्यातही उणीव राहिली, म्हणून आठवड्याने दुसरी. सामाईक हत्यार मोडले की सगळ्यांचेच काम अडते, असा आक्षेप घेतात. तो खराच आहे. पण प्रत्येकाने आपापला पाना घडवला असता, तर ही खोट किती ठिकाणी शोधावी लागली असती?

केन थॉम्प्सन व रॉब पाईक यांनी १९९२ साली यूटीएफ-८ पद्धत रचली. तीत आपल्या देवनागरी अक्षराला तीन बाइट लागतात, आणि त्यांतला एकही १२८ च्या खाली नसतो; त्यामुळे नीट लिहिलेल्या ‘ग’च्या पोटात तिरकी रेघ दडून बसत नाही. आमची यादी मात्र आम्ही जुन्या पावतीपुस्तकांवरून हाताने पुन्हा लिहिली. दोन नावे अजून लागलेली नाहीत.